रुखवतातले सगळे डावीकडे बघतात

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. मग सांगतो. गालातल्या गालातसुद्धा नाही हां! गाढवपणा माझाच आहे, मान्य. पण ऐकून माणसं अशी हसतात, की वाटतं मी लग्नात नागिन डान्स केला होता की काय. केला असता तर परवडलं असतं!

मी काय केलं? सख्ख्या भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या आईला रुसवलं. तेही तोंडातून एक शब्द न काढता. आहे तुमच्यात कुणाची एवढी कर्तबगारी?

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. नगरला दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतो. म्हणजे तुम्ही बाजारात ज्या माणसाचं गोड हसू बघता ना, ते बऱ्याचदा माझं असतं. दाताचा पिवळेपणा, हिरडीचा गुलाबी रंग, सगळं हाताने जुळवायचं. त्यात हात इतका बारीक झाला, की दुकान बंद झाल्यावरही त्याला स्वस्थ बसवेना. मग मी कवळ्यांच्याच मसाल्यातून करंगळीएवढी माणसं बनवायला लागलो.

अंग बनवणं सोपं असतं हो. खरी गंमत चेहऱ्यात. चेहरा केवढा? हरभऱ्याएवढा! त्यावर कपाळ, नाक, मिश्या, डोळ्यांखालची वर्तुळं, दोन दिवसांची वाढलेली दाढी. कातडीच्या रंगावर तपकिरी रंगाचं पातळ पाणी सोडायचं, ते आपोआप सुरकुत्यांत जाऊन बसतं. मग गालाच्या हाडावर जरा उजळ रंग लावला, की हरभरा तुमच्याकडे बघायला लागतो.

बघायला लागतो, तिथेच तर घोटाळा आहे!

सुरुवातीला मी बुबुळं डोळ्याच्या मधोमध काढायचो. तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, बुबुळ मधेच असतं. पण एवढ्याशा डोळ्यात ते मधोमध आलं, की माणूस पायाखाली साप निघाल्यासारखा दिसतो. सगळे तसेच! शेतकरी घ्या, शिपाई घ्या, डॉक्टर घ्या, सगळ्यांच्या पायाखाली साप. मी वैतागून आमच्या हिला म्हटलं, "असं तोंड माणसाचं नसतंच!"

मग एक युक्ती सापडली. बुबुळ जरा कोपऱ्यात सरकवायचं. नजर किंचित बाजूला गेली की चेहरा लगेच जिवंत होतो, काहीतरी विचार करतोय असं वाटतं. माझ्या उजव्या हाताला डावीकडची नजर सोपी जाते. म्हणून माझी सगळी माणसं आपापल्या डाव्या हाताला बघतात. कधी अडचण आली नाही. कारण मी एका वेळी एकच माणूस बनवायचो आणि काचेच्या कपाटात ठेवायचो. एकटा माणूस कुठे का बघेना, कुणाचं काय जातंय?

तर माझी धाकटी बहीण शोभा नेवाशाला असते. तिच्या गौरीचं लग्न ठरलं कोपरगावच्या मुलाशी, प्रशांतशी. माणसं फार चांगली. उसाची शेती, मोठं घर, पण बडेजाव नाही. बोलणी करायला आले तेव्हा मुलाच्या आईने स्पष्ट सांगितलं, "आमाला नारळ अन् पोरगी द्या. बाकी कायबी नको." आणि खरंच काही मागितलं नाही. शोभा त्या दिवशी फोनवर रडली, आनंदाने.

मग एक दिवस शोभा म्हणाली, "दादा, रुखवतात यंदा सगळ्यांकडे तेच ते. सुपारीचे भटजी, थर्माकोलची विहीर, लोकरीचं तोरण. तू तुझी माणसं बनव ना! तिकडच्या बायका बघतच राहिल्या पाहिजेत."

बायका बघतच राहिल्या, एवढं मात्र मी करून दाखवलं.

मी ठरवलं, अख्खा लग्नमंडपच बनवायचा. नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप, भटजी, करवली, जिलेबी तळणारा आचारी आणि अर्थातच नवरीचा मामा. तेही असेतसे नाहीत. साखरपुड्याचे फोटो मोबाईलवर मोठे करकरून हुबेहूब चेहरे! व्याह्यांचं टक्कल आणि कानावरचे केस. विहीणबाईंच्या हनुवटीवरचा मस. शोभाच्या गळ्यातला आईचा जुना हार तर मी तीन केसांच्या ब्रशने मणी मणी मोजून सोनेरी केला. असं खरं काम केलं, की काय सांगू.

रंगवताना आमची ही एकदा चहा घेऊन आली. ओळीने वाळत ठेवलेल्या मंडळींकडे बघून म्हणाली, "अहो, हे सगळे एकाच बाजूला काय बघतायत? एसटीची वाट बघत असल्यासारखे?"

मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतंय?"

लक्षात ठेवा हे वाक्य. मी आयुष्यात ज्या ज्या वेळी हे वाक्य बोललोय, त्या त्या वेळी तोंडावर आपटलोय.

लग्नाच्या दिवशी सकाळीच कार्यालयात जाऊन रुखवताच्या टेबलावर मंडप मांडला. प्रत्येकाच्या पायाखाली टाचणी, ती थर्माकोलमध्ये रोवायची. बोहल्यावर नवरा, त्याच्या उजव्या हाताला नवरी. डाव्या हाताला जागा उरली, तिथे करवली उभी केली. व्याह्यांच्या डावीकडे जिलेबीवाला. आणि पुढे मध्यभागी दोन विहिणी शेजारी शेजारी, विहीणबाईंच्या डाव्या हाताला आमची शोभा. विहिणी-विहिणींची भेट! मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. भिंगाखाली एका वेळी एकच चेहरा दिसतो हो! महिनाभर मी एकेक चेहरा बघत होतो, त्यामुळे तेव्हाही मला चेहरेच दिसत होते.

मुलाकडचं वऱ्हाड आलं, चहा-नाश्ता झाला आणि बायका रुखवत बघायला आल्या. पुढे विहीणबाई, बरोबर नवरदेवाची आत्या, मागे सगळा गोतावळा. लाडू-चकल्यांच्या ताटांवरून नजरा सरकत सरकत माझ्या मंडपावर आल्या आणि एकदम कालवा झाला.

"अगं बया! हे तर आपले बापू! टक्कल बघ की!"

"वयनी, तुमचा मसबी काढलाय!"

विहीणबाई हसल्या. पदर सावरत वाकून बघायला लागल्या. मी मागे फेटा बांधून उभा, छाती अशी फुगलेली की कोटाचं बटण तुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "अन् मी कुठं हाय?"

आली का पंचाईत! नवरदेवाची सख्खी आत्या, मानाची बाई, आणि मी तिला बनवलीच नव्हती. आचारी बनवला, आत्या नाही! मी काहीतरी पुटपुटलो, "जागा कमी पडली." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जिलेबीच्या कढईकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि मंडप असा तपासायला घेतला, जसा तलाठी बांध तपासतो.

"प्रशांत कुणाकडं बघतुया?" त्या म्हणाल्या.

सगळ्या वाकल्या. नवरदेवाची नजर सरळ करवलीवर! आणि करवलीही लाजून दुसरीकडे बघतेय! बायका खोखो हसल्या. रुखवतात थट्टा चालतेच, तोवर सगळं गोडीत होतं.

"अन् बापू बघा, जिलेबीवर डोळा ठिवून हायेत! डाक्टरनं गोड बंद केलंय तरी!"

आणखी हशा. मीही हसलो. मूर्खासारखा!

"अन् वयनी," आत्याबाईंनी बोट ठेवलं, "तुमची नजर शोभाताईंच्या हारावर हाय."

हसणं थांबलं.

मी पाहिलं. खरंच हो! विहीणबाईंची बाहुली कोपऱ्यातल्या डोळ्याने शोभाच्या गळ्याकडे बघत होती. आणि मी तो हार इतका चकचकीत रंगवला होता, की कुणाचीही नजर तिथेच गेली असती.

विहीणबाई सरळ उभ्या राहिल्या. चेहरा पडलेला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं मला. "आमी सुतळीचा तोडा मागितला न्हाई मामा. अन् माझी नजर सोन्यावर दाखवली तुमी? चार लोकांत?"

"अहो, तसं नाही…"

पण त्या वळल्या आणि वरपक्षाच्या खोलीत जाऊन बसल्या. मागोमाग आत्याबाई. दार धाडकन बंद.

खरं सांगतो. ज्या बाईने आयुष्यातला सगळ्यात मोठा मोठेपणा दाखवला, नेमका त्याच मोठेपणावर मी रंगाचा ठिपका टाकला होता. आणि गौरीला त्या घरात नांदायचं होतं. सासूच्या मनात पहिल्याच दिवशी अढी बसली, तर ती काढणार कोण? मी?

शोभा धावत आली. "दादा, काय केलंस हे? त्या म्हणतायत, मांडवात येणार नाही!"

ही म्हणाली, "ते टेबलावरचं आधी काढून ठेवा बघू."

शहाणा माणूस काय करेल? काढून ठेवेल. मी म्हटलं, "काढायचं कशाला? थोडं वळवलं की झालं!"

टाचणीवर तर होते सगळे. प्रथम विहीणबाईंना उजवीकडे वळवलं. नजर हारावरून निघाली, पण आता असं दिसायला लागलं, की त्यांनी शोभाकडून तोंड फिरवलंय. राहू दे म्हटलं, आधी नवरदेवाला बघू. त्याची नजर नवरीवर आणायला गेलो, तर त्याचं अंग पार पलीकडे वळवावं लागलं. आता तो बायकोवर तिरक्या डोळ्याने पाळत ठेवून होता. लग्न लागायच्या आधीच संशय! पुन्हा फिरवला, तर त्याची नजर कार्यालयाच्या दारावर. म्हणजे हा पळून जायच्या बेतात! व्याह्यांना जिलेबीवरून हटवलं, तर ते शोभाच्या जावेकडे बघायला लागले. ती बाहुली नव्हती हो! ती खरीच तिथे उभी होती. तिने लगेच पदर डोक्यावर घेतला.

मी घामाघूम. शेवटी म्हटलं, कुणी कुणाकडे बघायलाच नको. सगळ्यांना एकेक करून वळवलं. कुणाचीच नजर कुणावर नाही. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मीच हबकलो. अख्खा मंडप एकमेकांवर रुसून तोंडं फिरवून उभा! नवरा नवरीवर, बाप आईवर, भटजी सगळ्यांवर.

नेमके त्याच वेळी व्याही आले, खरे. बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. "आरं तिच्या! आत्ता बराबर जमलंय मामा! लग्नघर म्हंजी असंच असतंय!"

"बापू, हसू नका हो," मी जवळजवळ रडत म्हणालो. "वहिनी आत रुसून बसल्यात."

"मंग जावा की आत. मी गेलो तर माझ्यावरबी रुसंल. तुमी केलंय, तुमीच निस्तरा."

गेलो. दार वाजवलं. आत सतरंजीवर विहीणबाई, भोवती बायका. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बुबुळ मधोमध काढलं की साप कसा निघतो, कोपऱ्यात सरकवलं की माणूस कसा जिवंत होतो, माझी सगळी माणसं डावीकडेच कशी बघतात. "वहिनी, नजर तुमची नाही हो. माझ्या हाताची खोड आहे. तुमच्याबद्दल शोभा काय बोलते, ते एकदा तिला विचारा."

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती मामाची बाहुली आना बरं इकडं."

माझीच? का, ते कळेना. पण आणली. त्यांनी ती तळहातावर घेतली. बाहुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मामा, फेटा काढा."

"अं?"

"काढा म्हन्ते ना."

काढला. खोलीत खसखस पिकली.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी सगळ्यांचं हुबेहूब केलं होतं. फक्त स्वतःला रंगवताना हात जरा… म्हणजे कपाळावर दाट काळे केस आले होते. भांग पाडलेले. मिशीतलं पांढरंही राहून गेलं होतं. पोटही थोडं आत गेलं होतं. ते कसं झालं देव जाणे.

विहीणबाई म्हणाल्या, "साखरपुड्यात तुमी माझ्या म्होरं बसल्ता. वरचा फॅन मला तुमच्या टकलात फिरताना दिसत हुता. आमच्या ह्यांचं टक्कल काढलं. माझा मस काढला. लोकांचं समदं खरं, अन् सोताच्या डोक्यावर एवढं रान?"

कवळ्यांच्या धंद्यात एवढी वर्षं काढली, पण त्या क्षणी माझेच दात घशात गेले.

"हे रान उतरवा," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत. मंग येते मी मांडवात."

डागडुजीसाठी रंगांची डबी आणि कवळी तासायची बारीक सुरी खिशात होतीच. मांडी घालून बसलो. भोवती कोपरगावच्या साऱ्या बायका, मध्ये मी, हातात मी, आणि मी माझेच केस भादरतोय!

तेवढ्यात बाहेर माईकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावे!"

हात हलला. सुरी घसरली. केसांबरोबर दोन्ही डोळेही गेले!

"आंधळा केला की सोताला!" आत्याबाई किंचाळल्या.

"मुलीचे मामा जिथे असतील तिथून त्यांनी बोहल्याकडे यावे! मुहूर्ताची वेळ झालेली आहे!"

मी ब्रश काढला. डावीकडे-उजवीकडे बघायला वेळ कुणाला होता? टप, टप. दोन ठिपके दिले आणि बाहुली विहीणबाईंच्या हातात ठेवली. चकचकीत टक्कल आणि मधोमध वटारलेले दोन डोळे. पायाखाली साप!

विहीणबाईंनी बघितलं. ओठ दाबून धरले. मग जे हसू फुटलं त्यांना! पदराने डोळे पुसले तरी थांबेना. आत्याबाई तर हसून हसून सतरंजीवर आडव्या झाल्या.

"उठा मामा, उठा," विहीणबाई दम खात म्हणाल्या. "पोरगी खोळंबली तिकडं. अन् शोभाताईंना सांगा, मी आलेच. म्हनावं हार घालूनच उभ्या ऱ्हावा, मला नीट बघायचाय!"

मी पळालो. फेटा कसाबसा डोक्यावर ठेवला, गौरीचा हात धरला, बोहल्यावर आणलं. अक्षता पडल्या. विहीणबाई शोभाच्या शेजारी उभ्या होत्या, अगदी माझ्या मंडपातल्यासारख्या, आणि दोघी कानात काहीतरी बोलून हसत होत्या. माझ्यावरच हसत असणार. हसू देत. मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

रुखवत कोपरगावला गेलं. बाकीची मंडळी कपाटात आहेत. एकटा मी टीव्हीशेजारी उभा असतो. विहीणबाई आल्यागेल्याला दाखवतात, "ह्यो सुनेचा मामा. ह्योच तेवढा खरा काढलाय." दिवाळीला गेलो तेव्हा आत्याबाईंना त्यांची बाहुली नेऊन दिली, मान राखायला. त्यांनी चष्मा लावून तिची नजर तपासली, मगच घेतली.

आणि मग लग्नाचा अल्बम आला. मी आणि ही सोफ्यावर बसून बघत होतो. एका पानावर मी गौरीला घेऊन बोहल्यावर येतोय. फेटा कानावर आलेला, नाकाला रंग, आणि डोळे? बुबुळं बरोब्बर मधोमध!

हिने अल्बम जवळ ओढून फोटो बघितला. मग अगदी शांतपणे पान उलटत म्हणाली, "तुम्ही तेव्हा बरोबर म्हणाला होतात हो. असं तोंड माणसाचं नसतंच."